लूमवरचा बीम, स्लॅबखालचा बीम आणि सूर्याचा बीम : हा एकच शब्द आहे का?

ताणाबाणा (सोलापूर, पूर्व भाग)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गेल्या रविवारी बहीण लेकीला घेऊन आली होती. पोरगी सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. जेवणं झाल्यावर पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, सनबीम म्हणजे सूर्याचा बीम ना? मग सूर्याकडं पण लूम आहे का?"

तिला असं वाटणं अगदी साहजिक आहे. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या लूमवर होते. आमच्या घरात 'बीम' हा शब्द मीठ-भाकरीइतका रोजचा. मी स्वतः लहानपणी त्याला 'भीम' समजायचो. लोखंडाचा जाड रूळ, दोन्ही टोकांना मोठ्या चकत्या, अंगावर सूत गुंडाळलेलं, आणि उचलायला दोन-तीन माणसं लागायची. मला ते नाव शोभूनच दिसायचं.

सोलापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. कापडातले उभे धागे, म्हणजे ताणा, आधी एका रुळावर शेजारी शेजारी गुंडाळून घेतात. खळ लावून, वाळवून. तो भरलेला रूळ म्हणजे बीम. तो लूमच्या मागं बसतो आणि कापड विणलं जाईल तसतसा उलगडत जातो. चादरीला एक बीम चालतो, पण टेरी टॉवेलला दोन लागतात. खालचा घट्ट ताणलेला, त्यातून टॉवेलचं अंग तयार होतं. वरचा सैल, त्यातून लूप निघतात. आडवे दोन धागे फणीनं अर्धवट ठोकून थोडे अलीकडंच ठेवायचे आणि तिसऱ्याला पूर्ण ठोका द्यायचा. तिन्ही एकदम पुढं सरकतात, घट्ट तारा जागेवर राहतात आणि सैल तारांना फुगवटा येतो. तोच लूप. हात पुसताना जो मऊपणा लागतो तो सगळा त्या वरच्या सैल बीमचा. म्हणून वरचा बीम खालच्यापेक्षा कितीतरी आधी संपतो.

भाचीला मी 'किरण' असं सांगितलं, पण मन भरलं नाही. रात्री शब्दकोश काढून बसलो. जुन्या इंग्रजीत बीमचा पहिला अर्थ चक्क 'झाड' असा आहे! उभं, जिवंत झाड. जर्मनमध्ये झाडाला आजही 'बाउम' म्हणतात, डच भाषेत 'बोम'. हे तिघे सख्खे भाऊ. इंग्लंडात झाडासाठी 'ट्री' हा शब्द टिकला आणि बीम मात्र तोडलेल्या, तासलेल्या लाकडाकडं गेला. घराचं आडवं लाकूड, नांगराचं लाकूड, विणकराच्या मागाचं लाकूड. झाडाचा जुना अर्थ 'हॉर्नबीम', 'व्हाइटबीम' अशा काही झाडांच्या नावांतच उरला.

इथपर्यंत समजलं. पण झाडाचा किरण कसा झाला? जाणकारांनी सांगावं.

---

शब्दवेडी

ताणाबाणा दादा, फार सुंदर धागा. भाचीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

बायबलमध्ये अशी कथा आहे की इजिप्तमधून निघालेल्या लोकांना वाट दाखवायला दिवसा ढगाचा खांब आणि रात्री अग्नीचा खांब पुढं चालायचा. जुन्या इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी या खांबासाठी 'बीम' वापरला, कारण त्यांच्याकडं खांब म्हणजे झाडाचं सरळ खोडच. जळता बीम, उजेडाचा बीम. उजेडाचा खांब म्हणता म्हणता बीम म्हणजेच उजेडाचा झोत झाला, असं अभ्यासक मानतात. सनबीम हा शब्दही जुन्या इंग्रजीतलाच आहे, हजार वर्षांपूर्वीचा.

'ड्रीम ऑफ द रूड' नावाची एक जुनी इंग्रजी कविता आहे. तिची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत इटलीत व्हेर्चेल्ली गावच्या कॅथेड्रलमध्ये आहे. कवीला स्वप्नात एक झाड दिसतं, तेच पुढं ख्रिस्ताचा क्रूस होतं. त्या झाडाला तो 'सगळ्यात तेजस्वी बीम' म्हणतो, आणि ते झाड कसं होतं? 'प्रकाशानं गुंडाळलेलं'. 'गुंडाळलेलं' हाच शब्द आहे तिथं. तुमचं सूत गुंडाळलेल्या बीमचं वर्णन वाचल्यापासून मला ती ओळ सारखी आठवते आहे.

---

स्लॅबखालचा

मी सिव्हिलवाला. आमचा बीम सगळ्यांना माहीत असतो, पण घर बांधताना त्याच्याकडं बघत कुणी नाही. सगळे टाइल्स बघतात.

आमच्या आजोबांचं घर मोहोळ तालुक्यात, माळवदाचं. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या आणि वर पांढरी माती. त्यातली 'तुळई' म्हणजेच इंग्रजी बीम. संस्कृतात 'तुला' म्हणजे तराजू, आणि घराच्या छताचं आडवं लाकूड म्हणजेही तुलाच. आपली तुळई तिथलीच. आता इंग्रजीकडं बघा, तराजूच्या आडव्या दांडीला तेही बीमच म्हणतात. दोन्हीकडच्या लोकांनी छताचं लाकूड आणि तराजूची दांडी एकाच शब्दात बांधली. आडवी दांडी आणि तिच्यावर भार. त्यांना त्यात एकच वस्तू दिसली असणार.

बीमवर भार आला की तो मधोमध किंचित खाली वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून मुख्य सळ्या खालच्या बाजूला घालाव्या लागतात. गॅलरीच्या छज्जात नेमकं उलटं, तिथं सळई वर लागते. साइटवर सळ्यांवर पाय देऊन फिरतात, वरची सळई खाली दबते, आणि काही वर्षांनी छज्जा झुकतो. घर बांधत असाल तर ओतकामाच्या दिवशी स्वतः उभे राहून सळ्या जागेवर आहेत का एवढं बघा. विषयांतर झालं, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

---

कांडीवाली

माझी आई घरी आडव्या धाग्याच्या कांड्या भरायची. आमच्या गल्लीत बीमचा अजून एक अर्थ होता, तो तुमच्या शब्दकोशात नसंल.

"आज बीम नाही."

बीम संपला आणि सायझिंगवरून, म्हणजे खळ लावतात तिथून, नवीन आला नाही तर लूम उभं. लूम उभं तर मजुरी नाही, कारण मजुरी विणलेल्या मालावर. बाबा सकाळी डबा घेऊन जायचे आणि दहा वाजता डब्यासकट परत यायचे. आई एवढंच विचारायची, "बीम नाही का ओ?" ते मान हलवायचे. मग त्या दिवशी दुकानातून काय आणायचं आणि काय नाही हे न बोलता ठरायचं. 'बीम लागला' म्हणजे घरात बरं चाललंय. शेजारणी एकमेकींना असंच विचारायच्या, "लागला का बीम?"

---

ताणाबाणा

ताई, हे मी कसं विसरलो! आमच्याकडंही हेच. दिवाळीच्या आधी बीम मिळावा म्हणून वडिलांची जी घालमेल व्हायची ती आठवली. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये हे यायला हवं होतं.

---

रोखठोक

विषय चांगला आहे, पण एक विचारतो. तुळई आहे, किरण आहे, झोत आहे, नांगराचं इसाड आहे. एवढे शब्द घरात असताना आपण सगळीकडं बीम बीम का करतो? एका इंग्रजी शब्दानं आपले चार शब्द खाल्ले असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

---

स्लॅबखालचा

दादा, तुळईबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या साइटवरच्या पोरांना तुळई म्हणजे काय ते कळत नाही. मी मुद्दाम वापरतो.

---

ताणाबाणा

रोखठोक सर, तुमची तळमळ समजते. पण लूमवरच्या बीमला तुळई म्हणून चालणार नाही. तुळई भार घेऊन जागच्या जागी उभी असते, बीम फिरत असतो. आणि हा शब्द आमच्या बापजाद्यांना कुणी शाळेत शिकवला नाही. गिरण्या आल्या, यंत्रं आली, त्यांच्याबरोबर तो आला आणि ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्यांनी तो हातानं कमावला. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंबं. घरात तेलुगू, तिथं माग म्हणजे मग्गम, ताणा म्हणजे पडुगु, बाणा म्हणजे पेक. आम्ही मराठी, पलीकडं कन्नड बोलणारे. लूमजवळ आले की सगळ्यांचा शब्द एकच, बीम. माझ्या लेखी तो आता सोलापूरचा शब्द आहे.

---

रोखठोक

'हातानं कमावला' हे पटलं. लूमपुरतं मान्य. तुळईसाठी मात्र भांडत राहणार.

---

शेतमाळ (मंगळवेढा)

नांगराच्या इसाडाला इंग्रजीत प्लाउ बीम म्हणतात. आमच्या आज्याचा लाकडी नांगर आहे अजून, इसाड बाभळीचं. बाकी आमच्याकडं नवीन सांगण्यासारखं काही नाही, पण धागा वाचतोय.

---

दर्यासारंग

मूळचा सोलापूरचा, नोकरी जहाजावर. आमच्याकडं बीम म्हणजे जहाजाची रुंदी. लाकडी जहाजांत एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत आडवी तुळई टाकायचे, तिच्यावर डेक बसायचा. तुळई जेवढी लांब तेवढं जहाज रुंद. आता सगळं पोलादाचं आहे, तरी रुंदीचं नाव बीमच.

ही रुंदी जगाचा व्यापार ठरवते. पनामा कालव्याची जुनी लॉक्स, म्हणजे जहाज वरखाली करणारे दरवाजे लावलेले हौद, 33.53 मीटर रुंद, म्हणून कित्येक दशकं जहाजं जास्तीत जास्त 32.3 मीटर बीमची बांधली गेली. 2016 मध्ये मोठी लॉक्स सुरू झाली तेव्हा कुठं रुंद जहाजांना ती वाट मिळाली. मार्च 2021 मध्ये सुएझमध्ये जे 'एव्हर गिव्हन' अडकलं होतं, त्याची लांबी 400 मीटर आणि बीम सुमारे 59 मीटर. सोलापूरच्या माणसाला अंदाज यावा म्हणून सांगतो, चार फुटबॉलची मैदानं लांबीला लांबी लावून ठेवा, जवळपास तेवढं लांब जहाज आडवं झालं होतं.

आणि डच 'बोम'बद्दल. तो इंग्रजीत दुसऱ्यांदा आला, जहाजांबरोबर, 'बूम' होऊन. शिडाच्या खालची आडवी काठी म्हणजे बूम. क्रेनचा लांब हात बूम. रेल्वे फाटकाचा जो दांडा खाली येतो तो बूम. म्हणजे होटगी रोडला असो की कुठंही, फाटक पडल्यावर आपण ज्याच्यापुढं थांबतो ते मूळचं झाड. धडाम आवाजाचा बूम वेगळा, तो नुसता आवाजावरून आलाय.

दक्षिण आफ्रिकेत एक विषारी साप आहे, बूमस्लँग. बूम म्हणजे झाड, स्लँग म्हणजे साप. झाडावरचा साप.

---

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचून आनंद झाला. एक भर घालतो. बायबलमध्ये येशू म्हणतो की भावाच्या डोळ्यातला कण तुला दिसतो, पण स्वतःच्या डोळ्यातला बीम दिसत नाही. इंग्रजीत अक्षरशः बीम, म्हणजे तुळई. मराठी भाषांतरात मात्र तुळई नाही, मुसळ आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी आहे. कुसळ-मुसळ या जोडीत जो नाद आहे तो इंग्रजीत नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण मुसळाच्या जागी तिकडं बीम बसलाय हे आज लक्षात आलं.

त्याच बायबलमध्ये गोलिआथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याच्या भाल्याचा दांडा केवढा होता? तर विणकराच्या बीमएवढा. हे वर्णन समजायला सोलापुरात कुणाला टीप लागणार नाही.

---

माढेकरीण

मी कधी लिहीत नाही. बीमचा माझा अर्थ वेगळा आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला रेडिएशन दिलं. पस्तीस दिवस, रविवार सोडून. त्या खोलीच्या जाड दारावर एक लाल दिवा असायचा आणि त्यावर 'बीम ऑन' अशी अक्षरं. दिवा लागला की आत आई एकटी. मी बाहेर बाकावर बसून त्या दोन शब्दांकडं बघत राहायची. काही मिनिटांचा खेळ, पण संपता संपायचा नाही. दिवा विझला की आत बीम थांबला, आई आता उतरेल, चपला घालेल.

आई बरी आहे आता. तिला परवा हा धागा वाचून दाखवला. 'उजेडाचा खांब' ऐकून म्हणाली, "मला आत काहीच दिसायचं नाही गं, नुसती घरघर ऐकू यायची."

---

ताणाबाणा

ताई, आईंना नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

शब्दवेडी

माढेकरीण ताई, तुमची पोस्ट वाचून काही वेळ काही सुचलंच नाही.

दादा, मी भाचीच्या प्रश्नाकडं परत येते. "सूर्याकडं पण लूम आहे का?" यावर चार दिवस शोधत होते, आणि जे सापडलं त्यानं मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

इंग्रजीत किरणाला दुसरा शब्द 'रे'. तो लॅटिन 'रेडिअस'वरून आला. भूमितीतली त्रिज्या तीच, रेडिओ आणि रेडिअमही त्याच घरचे. लॅटिनमध्ये रेडिअस म्हणजे काठी, चाकाचा आरा, सूर्याचा किरण, आणि विणकराचा धोटा! रोमन कवींनी मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासाठी हाच शब्द वापरलाय. इंग्रजीत किरणाचा एक शब्द बीम, दुसरा रे. एक लूमच्या मागं बसतो, दुसऱ्याचा पूर्वज ताण्यातून धावतो.

आता घरी या. संस्कृतात 'अंशु' म्हणजे किरण, म्हणून सूर्य अंशुमाली. पण अंशु म्हणजे धाग्याचं टोक, तंतूही. त्यावरूनच 'अंशुक' म्हणजे तलम वस्त्र. 'रश्मी' म्हणजे किरण, आणि रश्मी म्हणजे दोरी, लगामसुद्धा. इंग्रज, रोमन आणि आपले पूर्वज यांनी एकमेकांना विचारून हे शब्द केले नाहीत. ढगातून उतरणारे किरण बघितले की सगळ्यांनाच ताणलेल्या तारा दिसल्या असणार.

तुमच्या भाचीला जे दिसलं तेच त्यांना दिसलं होतं. तिला सांगा, हो, आहे.

---

यंत्रमागी (सोलापूर)

ताई, अंगावर काटा आला बगा. नवीन बीम चढवला की सगळ्या तारा ताणून घेतो आम्ही, तेव्हा मागच्या खिडकीतून सकाळचं ऊन आलं की तारा कुठल्या आणि उन्हाच्या रेघा कुठल्या ते पटकन कळत नाही. पांढऱ्या सुताला तर नाहीच. हे रोज बगतोय पण बोललो कधी नाही कुणाला.

---

दर्यासारंग

जर्मन खलाशाबरोबर काम करतोय सध्या, म्हणून त्याला विचारलं. कापसाला त्यांच्याकडं 'बाउमवोल्ले' म्हणतात, म्हणजे झाडाची लोकर. युरोपात लोकर म्हटलं की मेंढीचीच माहीत होती. हिंदुस्थानात झाडाला लोकर लागते असं हेरोडोटसनंही अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आणि ताण्याच्या बीमला जर्मनमध्ये 'केटबाउम', म्हणजे ताण्याचं झाड. विणलेलं कापड ज्यावर गुंडाळतात तो 'वारेनबाउम', मालाचं झाड.

म्हणजे सोलापूरचं सुती टॉवेल जर्मनमध्ये सांगायचं तर झाडाची लोकर एका झाडावरून सुटते आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसते.

---

रोखठोक

आणि इंग्रजांनी झाडासाठी जो 'ट्री' ठेवला, तो आपल्या 'दारु'चा, म्हणजे देवदारातल्या दारूचा नातेवाईक आहे. संस्कृत दारु म्हणजे लाकूड, द्रुम म्हणजे वृक्ष. या धाग्यावर मीही काहीतरी आणावं म्हणून शोधलं.

---

कांडीवाली

दादा, लाकडी बीम बघितलाय का कुणी? मी लोखंडीच बघितले. वडिलांना विचारा की.

---

ताणाबाणा

ताई, विचारलं. काल संध्याकाळी भाचीला घेऊन वडिलांजवळ बसलो आणि सगळा धागा वाचून दाखवला. किरण, धोटा, जर्मन, सगळं. वडील आता कानानं थोडे कमी आहेत, भाची जवळ जाऊन मोठ्यानं सांगत होती. बीम म्हणजे आधी झाड होतं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग, होतंच की."

मग त्यांनी सांगितलं. पॉवरलूमवर जायच्या आधी पोरवयात ते साखर पेठेत एका हातमागावर मदतीला होते. तिथला बीम सागवानाचा, मालकाच्या आजोबांच्या काळातला, हातानं घासून घासून काळा आणि गुळगुळीत झालेला. उन्हाळाभर तो मुकाट चालायचा. मृगाचा पाऊस पडला की हवा लागून लाकूड फुगायचं, बीम बसल्या जागी घट्ट व्हायचा, ताण बदलायचा आणि तारा तुटायला लागायच्या. मालक त्यावर एकच करायचे. माग दोन दिवस बंद ठेवायचे, बीमवर हात ठेवून बघायचे आणि पोरांना म्हणायचे, "थांबा रे, त्याला पाऊस कळलाय."